माल्टा पहिला येईपर्यंत

गोझो, बुधवार, १२ जून २०२४

आदरणीय थोरल्या ताईस, म्हणजे मेलबर्ननिवासी फिलुमेनाबाईंस,

धाकट्या नार्दूकडून दोन्ही गालांवर एकेक पापा आणि वर एक नमस्कार (पत्रातून पापे पोचत नाहीत असं लोरेटाचं म्हणणं आहे, पण तू गेल्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हापासून पाठवतो आहे, एखादा तरी पोचला असेल). तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू डाव्याबद्दल लिहिलं होतंस आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजव्याबद्दल, तेव्हा दोघांचीही स्वतंत्र चौकशी करतो. जुझे भावोजींना माझा रामराम नव्हे, पण त्याच वजनाचं जे काही तुम्हांकडे चालतं ते सांग. परसातल्या लिंबाला यंदा किती लिंबं लागली तेही कळव. तिकडे आता थंडी पडली असेल. इकडे कलिंगडं आली आहेत आणि दुपारी दगडावर पाय ठेववत नाही. लोरेटा बरी आहे (अशा नवऱ्यापायी आजारी पडायला सवड मिळत नाही असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते). माझं म्हणशील तर सत्त्याहत्तरीत माणसाचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलं आहे आणि जे राहिलं आहे त्याची घाई नाही. संत मार्तिनच्या कृपेने दात सोडून सगळं जागेवर आहे.

आता कामाचं लिहितो. भिंतीपलीकडच्या विस्तीनला ऐकू येईनासं झालं आहे. डावा कान पार गेला, उजवा निम्मा आहे, आणि डॉक्टर म्हणतो की नाताळापर्यंत तोही जाईल. यंत्र लावलं तर आवाज येईल पण शब्द कळणार नाहीत, म्हणजे दिवसभर शेजारी कुणीतरी भांडी पाडतंय असं वाटत राहील. आणि मी तर गेली बावीस वर्षं त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही, कारण माल्टा युरोव्हिजनच्या गाण्यांच्या स्पर्धेत पहिला आलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते तुला ठाऊक आहे. पण तू ती हकिगत तुझ्या नातवंडांना मन मानेल तशी सांगतेस असं मागच्या नाताळात फोनवर कळलं (तुझा थोरला नातू मला विचारत होता की तुमचं भांडण बकरीवरून झालं ना), म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवतो. पोरांना जमवून वाचून दाखव.

पहिल्या दोन वर्षांना तू स्वतः साक्षीदार आहेस. १९७१ साली आपला देश पहिल्यांदा त्या गाण्यांच्या स्पर्धेत उतरला तेव्हा आपल्या संत मार्तिनच्या लाल बँड क्लबात टीव्हीसमोर सगळं गाव कोंबलं होतं. तू लाल झगा घातला होतास आणि बाबांनी लग्नातला कोट. संत कातरीनावाल्यांच्या निळ्या क्लबातला टीव्ही नेमका बिघडला होता, म्हणून तेही नाक मुठीत धरून आपल्याकडे आले होते, आणि विस्तीन माझ्या शेजारी खुर्चीच्या एका कडेवर बसला होता, दुसऱ्या कडेवर मी. गाणं आपल्या भाषेत होतं. आपल्या भाषेतलं गाणं परक्या देशात चाललंय आणि परके लोक गप्प बसून ऐकताहेत, हे पाहूनच अर्ध्या बायका रडल्या. मग गुण आले. अठरा देशांत आपण अठरावे. पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच भाषेत गायलो आणि पुन्हा अठरांत अठरावे आलो. बाबा तेव्हा म्हणाले होते, "निदान ठाम आहोत." त्यानंतर तू ऑस्ट्रेलियाला गेलीस. या दोन गोष्टींचा संबंध नसावा असं मी अजून धरून चाललो आहे.

मग पंचाहत्तर साली आपण शहाण्यासारखं इंग्रजीत गायलो, बारावे आलो, आणि सासरी जेवणात मीठ कमी पडलं म्हणून जावई उठून जावा तसे सोळा वर्षं घरी बसलो. एक्क्याण्णवला परत गेलो आणि तेव्हापासून मात्र आपल्या माणसांना चटक लागली. ब्याण्णवला तिसरे. अठ्ठ्याण्णवला पुन्हा तिसरे, आणि ते कसे, तर शेवटच्या देशापर्यंत आपण वरच्या माणसाच्या बरोबरीला होतो, आणि त्या शेवटच्या देशाने आपल्याला भोपळा दिला. विस्तीन तेव्हा गावचा पोस्टमन होता. तो खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून त्या देशाला या गावातून एकही पत्र जाणार नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (त्या देशाला आपल्या गावातून तोवर एकही पत्र गेलेलं नव्हतं, त्यामुळे पोस्टाच्या कामात काही फरक पडला नाही.)

हे एवढं यासाठी लिहिलं की २००२ साली गावाची मनःस्थिती काय होती हे पोरांना कळावं. दोनदा तोंडाशी आलेला घास गेलेला. आणि स्वतःचं मत स्वतःला देता येत नाही असा त्या स्पर्धेचा नियम, म्हणजे आपण चार लाख माणसांनी हात बांधून बसायचं आणि युरोपने आपलं बरं करावं म्हणून वाट पाहायची. आपल्या लोकांना वाट पाहणं जमत नाही. हातात काहीतरी पेटवायला लागतं. तेव्हा त्या वर्षी ठरलं की आपण जिंकलो तर जत्रेसारखी आतषबाजी करायची. इथवर दोन्ही क्लबांचं एकमत झालं. पुढचा प्रश्न आला की पहिला गोळा कुणाचा उडणार, संत मार्तिनचा की संत कातरीनाचा, आणि त्यावर तीन आठवडे गेले. शेवटी तेव्हाचे म्हातारे पाद्रीबाबा मध्ये पडले. त्यांनी निकाल दिला: मी आपल्या क्लबाचा गोळा लावायचा, विस्तीनने त्यांच्या, दोन्ही उखळ्या एकाच शेतात बांधाच्या दोन बाजूंना, आणि चर्चची घंटा वाजली की दोघांनी एकदम बत्ती द्यायची. घंटा वाजेपर्यंत कुणी काडीसुद्धा ओढायची नाही. आम्ही दोघांनी हातावर हात मारला. विस्तीन निळा आणि मी लाल असलो तरी बालपणापासूनचे आमचे संबंध तुला ठाऊकच आहेत. तू आम्हां दोघांना एकाच थपडेत आवरायचीस, तेव्हा दोघांची डोकी किती जवळ असायची ते आठव.

तर मी बांधाच्या अलीकडे, तो पलीकडे, दोघांपाशी एकेक रेडिओ. शेवटच्या काही देशांचे गुण यायचे होते. आपण कधी वर, कधी एक पायरी खाली. आणि घंटा वाजायच्या आत एक गोळा उडाला. त्याच्या पाठोपाठ, श्वास घेऊन सोडावा इतक्याच वेळात, दुसरा. कुणाचा पहिला ते अंधारात कुणालाच दिसलं नाही, पण मी तुला तेव्हाही लिहिलं होतं आणि आताही लिहितो की विस्तीन आधी खाली वाकला होता, हे मी बांधावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं सगळं गाव अजून सांगतं. गोळ्यांचा आवाज ऐकून सगळ्यांना वाटलं जिंकलो. घंटा बडवणाऱ्याला वाटलं आपल्याला उशीर झाला, त्याने घंटा सोडली ती थांबेचना. आपला बँड चौकात आला आणि विजयाची धून वाजवायला लागला. ते पाहून त्यांचा बँड समोरून आला आणि दुसरीच धून वाजवायला लागला. म्हातारे पाद्रीबाबा सपाता घालून बाहेर आले आणि दोन्ही झेंड्यांना आशीर्वाद देऊन गेले. आणि क्लबात टीव्हीसमोर उरलेल्या तीन म्हाताऱ्यांनी तेवढ्यात पाहिलं की आपण दुसरे आलो आहोत. त्यातला एक बाहेर येऊन ओरडला, "अरे थांबा, हरलो!" पण थांबणार कोण? आपला बँड म्हणे, त्यांनी आधी थांबावं. त्यांचा बँड म्हणे, लाल आधी थांबू देत. हरल्याची बातमी सगळ्यांच्या कानांवर गेलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून चाळीस मिनिटं विजयाच्या धुना वाजवताहेत. शेवटी आपल्या तुतारीवाल्याला चक्कर आली म्हणून थांबले, आणि त्यांच्यातले काही लोक आजही म्हणतात की ते वर्ष ते जिंकले.

दुसऱ्या दिवशी गावात एकच विषय. घंटेआधी गोळा उडाला म्हणून अपशकुन झाला आणि देश हरला. (ती स्पर्धा एस्टोनियात होती. तिथवर आपला अपशकुन कसा पोचला हे मी विचारलं, पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.) मी विस्तीनला बोची खेळायच्या मैदानात गाठलं. तो म्हणाला, "तू आधी उडवलास." मी म्हणालो, "तू आधी वाकलास." तो म्हणाला, "नार्दू, तुझ्या संताची शपथ घे." मी म्हणालो, "आधी तू तुझ्या संतिणीची घे." असं करत करत आम्ही कोपऱ्यावरच्या संतांच्या कोनाड्यापाशी आलो, आणि तिथे, पाद्रीबाबांच्या देखत, दोघांनी हात वर करून नवस बोलला की माल्टा त्या स्पर्धेत पहिला येईपर्यंत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोलणार नाही. तू हसशील, पण तेव्हा ते फार वाटलं नाही. नुकतेच दुसरे आलो होतो. म्हणजे फार तर पुढच्या मे महिन्यापर्यंतचा प्रश्न.

तो मे अजून आलेला नाही.

पहिल्या वर्षी अवघड गेलं. घराची भिंत एक, मैदान एक, चर्चमधला बाक एक, आणि बोची खेळायला त्याच्या तोडीचा मी आणि माझ्या तोडीचा तो, दुसरं कुणी नाही. तेव्हा खेळणं चालू ठेवलं, तोंड बंद ठेवलं. कुणाचा लाकडी गोळा छोट्या चेंडूच्या जास्त जवळ पडला यावर वाद झाला की तो खिशातून टेप काढतो, मी एक टोक धरतो, आकडा दोघं पाहतो. लोरेटाने सुरुवातीला निरोप पोचवले. मग एक दिवस तिने हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी काय तुमची तार आहे का? मध्ये भिंत आहे ना, तिला सांगा काय सांगायचं ते!" आणि खरं सांगतो, ताई, तिथूनच ते सुरू झालं. २००५ च्या स्पर्धेला मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो, आणि एका देशाने आपल्याला बारा गुण दिले, तेव्हा भिंतीवर पलीकडून बारा ठोके पडले. मी मोजले. पुढच्या देशाचे आले तेवढे मी ठोकले. त्या वर्षी आपण पुन्हा दुसरे आलो आणि आईचा फोटो खिळ्यावरून तीनदा खाली आला. लगेच पुढच्या वर्षी आपण शेवटचे आलो, सगळ्या युरोपात मिळून एक गुण. तो गुण आला तेव्हा पलीकडून एक ठोका पडला, नवख्या पाहुण्याने दारावर मारावा तसा, हळू. मी इकडून एक मारला. मग दोघंही झोपलो. एवढं चांगलं बोलणं आमचं नवसाच्या आधीही क्वचितच झालं असेल.

हे असं दरवर्षी चालत आलं. २०२१ ला सट्टेवाले म्हणत होते की आपणच पहिले, म्हणून मी त्याला काय काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करून ठेवली होती, पहिलं वाक्य तर पाठ केलं होतं. सातवे आलो. (त्या वर्षी तुम्हांला ऑस्ट्रेलियातून मत देता येत होतं आणि तू ते आपल्याला न देता कुठल्यातरी लांब केसांच्या पोरांना दिलंस. तूच हसत हसत सांगितलंस. मी ते लोरेटाला सांगितलं नाही, ती अजून तुला खजुराच्या वड्या पाठवते.) त्यानंतर तीन वर्षं आपण शेवटच्या फेरीतही पोचलेलो नाही. उपांत्य फेरीत गुण सांगत नाहीत, फक्त दहा देशांची नावं घेतात आणि आपलं घेत नाहीत, झालं. तेव्हा आमच्यात असं ठरलं (म्हणजे कुणी ठरवलं नाही, पडलं) की दहावं नाव झालं की ज्याला आधी सुधरेल त्याने तीन ठोके मारायचे, म्हणजे "चला, यंदाही नाही", आणि दुसऱ्याने उत्तरादाखल तीन मारायचे.

यंदा ९ मेच्या गुरुवारी दहावं नाव झालं. मी तीन ठोके मारले. उत्तर आलं नाही. पुन्हा मारले. मग वरवंट्याने मारले. पलीकडे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं, इतका मोठा की अख्ख्या गल्लीला ऐकू यावा, पण ठोका नाही. मी लोरेटाला म्हणालो, विस्तीन गेला. ती अंगावर शाल न घेता पळाली. मी दारात उभा. आत जायचं तर हाक मारावी लागणार, आणि हाक मारणं म्हणजे बोलणं. मी उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभा राहिलो, हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत हलकट काम आहे. लोरेटा परत आली. म्हणाली, "बसलाय. टीव्हीपासून वीतभर अंतरावर खुर्ची ओढून बसलाय, आणि मला विचारतोय, नार्दूने अजून ठोके का नाही मारले, बरं नाही का त्याला."

मग त्याची लेक मारिस्तेल आली, बोटीने त्याला माल्टाच्या मोठ्या बेटावर मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि डॉक्टर काय म्हणाला ते वर लिहिलंच आहे. पाच-सहा महिने. पुढची स्पर्धा मे महिन्यात. म्हणजे समज उद्या आपण जिंकलोच, सगळं गाव रस्त्यावर आलं, दोन्ही बँड वाजले, आणि मी धावत त्याच्याकडे गेलो, तर मी बोलणार आणि तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहणार.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नकोस. आताचे पाद्रीबाबा, दुन इंदरी, यांच्याकडे गेलो. तरुण आहेत, फटफटीवर फिरतात, पण माणूस बरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, नवस दोघांचा आहे. दोघं एकत्र या, एकत्र तोंडाने मागा, मी मोकळं करतो. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "त्याला सांगणार कोण?"

"तुम्ही."

"मला बोलता येत नाही."

"मग चिठ्ठी लिहा."

मी म्हणालो, "पाद्रीबाबा, मी आधी चिठ्ठी लिहिली तर निळे म्हणतील लाल आधी थांबला." त्यावर त्यांनी फटफटीची किल्ली हातात घेतली. नंतर म्हणाले की ते दर शनिवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या पायऱ्यांवर असतात, आम्हांला कधी सुचलं तर यावं. गेले तीन शनिवार मी नऊ वाजता त्या पायऱ्यांवर जाऊन बसतो आहे. विस्तीन समोरून पाव घेऊन जातो, टोपीला हात लावतो, मी लावतो, आणि तो जातो. लोरेटाला म्हटलं, तू सुचव. ती म्हणाली, "मी मिटवलं तर दोघंही पुढची वीस वर्षं मला ऐकवाल, तुझ्यामुळे नवस मोडला म्हणून. तुमचं तुम्ही निस्तरा."

तर अशी सगळी हकिगत आहे. बाकी इकडे विशेष काही नाही. जत्रेची तयारी सुरू झाली आहे, लोणच्यासाठी केपरच्या कळ्या खुडून झाल्या, शेजारच्यांच्या मांजरीला पाच पिल्लं झाली त्यातलं एक लाल आहे आणि ते आपल्या क्लबात राहायला आलं आहे. भावोजींच्या रक्तदाबाची काळजी घे, पोरांना माझे आशीर्वाद सांग, लिंबांचं विसरू नकोस, आणि पत्राला उत्तर पाठव.

तुझा धाकटा भाऊ,
नार्दू

ता. क. : वर लिहायचं राहिलं. तुला एक काम सांगायचं होतं. विस्तीन तुला अजून भितो (मीही भितो, पण मी इथे मोजण्यात नाही). तू त्याला एक फोन कर आणि तुझ्याच मनात आल्यासारखं सांग की शनिवारी नऊ वाजता पाद्रीबाबांच्या पायऱ्यांवर जा. माझं नाव काढू नकोस. मी सांगितलं असं त्याला कळता कामा नये.

ता. क. दुसरा : फोनचं रद्द. लोरेटाने आत्ता मागून वाचलं आणि विचारलं की ज्याला ऐकू येत नाही त्याला ताई फोनवर काय सांगणार. तेव्हा पत्रच लिही. इकडे यायला तीन आठवडे लागतात, म्हणून लवकर लिही.

ता. क. तिसरा : हे नातवंडांना वाचून दाखवू नकोस. पहिला गोळा माझा होता. तो वाकला हे मी खरंच पाहिलं, आणि मला वाटलं हा घंटेआधी बत्ती देणार, संत कातरीना पुढे जाणार, म्हणून मी देऊन टाकली. मागाहून विचार करता करता माझ्या लक्षात आलं की तो बुटाची नाडी बांधत असणार. दिवसभर टपाल वाटून आलेला माणूस, नाडी सुटणारच. बावीस वर्षं मी एका नाडीसाठी भांडतो आहे. देश माझ्या गोळ्याने हरला असं मी मानत नाही, पण मित्र मात्र त्यानेच हरवला.

ता. क. चौथा : घरातला गोंद संपला आहे, म्हणून पाकीट उघडंच ठेवतो आहे. पेन्शनीत निघाला तरी आमच्या गल्लीचं टपाल अजून विस्तीनच दर शुक्रवारी सकाळी उचलून पोस्टात नेतो, खिडकीत दगडाखाली ठेवलं की झालं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाचं पत्र उघडून वाचलेलं नाही, ही गोष्ट सगळ्या गोझोला ठाऊक आहे. पण आता नोकरी नाही, आणि पाकीट उघडलेलंच आहे.

(खालचं अक्षर दुसऱ्याचं, निळ्या शाईत)

फिलुमेनास विस्तीनचा नमस्कार. गुडघ्यांची काळजी घे. लिंबाच्या मुळाशी अंड्यांची टरफलं घाल.

तुझ्या भावाच्या घरात गोंद आहे. मंगळवारी दुकानातून त्याने दोन बाटल्या घेतल्या तेव्हा मी मागे उभा होतो. पत्र पुरतं वाचलं. हे वाचणं आहे, बोलणं नाही, आणि हे लिहिणं आहे, त्यामुळे नवस शाबूत आहे याची नोंद घ्यावी.

मी त्या दिवशी नाडी बांधत नव्हतो. पायांत सपाता होत्या, त्यांना नाड्या नसतात. माझी वात ओली झाली होती, पेट घेईना, म्हणून खाली वाकून फुंकर घालत होतो. घंटेची वाट मीही पाहिली नाही. त्याच्या आधी उडाला नाही तो फक्त दंव पडलं होतं म्हणून. हे त्याला आधी सांगायला हवं होतं, पण त्याने आधी विचारायला हवं होतं.

शनिवारी पायऱ्यांवर तो बसलेला मला दिसत होता. मला वाटलं पाद्रीबाबांकडे जत्रेच्या तयारीचं विचारायला येतो.

हे पत्र मी आज पोस्टात टाकत नाही. आधी त्याच्याच दारात टाकतो आणि दोन टकटक करतो, तुझं पत्र आलं की इतकी वर्षं करत आलो तशा. त्याने वाचावं आणि मग तुला पाठवावं, गोंद लावून. त्याला एवढं कळव की मी उद्या शनिवारी नऊला येतो. माझ्या उजव्या हाताला बसावं, डावीकडे बसला तर पाद्रीबाबांनी मोकळं करूनही उपयोग नाही. पहिला शब्द कुणाचा यावर वाद नको. चर्चची नऊची घंटा झाली की दोघांनी एकदम बोलायचं.

आणि या वेळी तरी म्हणावं, घंटा होऊ दे.